परवलीचा शब्द कोठें ठेवावा?

एकच संगणक अनेकांनीं वाटून घ्यावयाचें ठरलें, आणि परवलीच्या शब्दाची गरज उत्पन्न झाली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘सीटीएसएस’ नांवाची कार्यप्रणाली प्रथम चालवून दाखविली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणास किती वेळ द्यावयाचा, कोणाचे कागद कोणास दाखवावयाचे, हें तिनें पाहावयाचें. या कारभाऱ्यास माणूस ओळखतां यावा म्हणून प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यांत आला; परंतु शब्द पडताळावयाचा तर तो कारभाऱ्यापाशींही असला पाहिजे. म्हणून सगळ्यांचे शब्द एका यादींत, साध्या अक्षरांत, त्याच यंत्रांत ठेवले गेले. पुढील कित्येक वर्षें हा एक सोयीचा निर्णय निस्तरण्यांत गेलीं.

या व्यवस्थेचें पितळ उघडें पडण्यास फार काळ लागला नाहीं. १९६२ सालीं अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास यंत्रावर आठवड्यास चार तास मिळत. त्याच्या कामास ते पुरेनात. कोणताही मजकूर छापून हवा असल्यास छिद्रें पाडलेलें कार्ड टाकून तशी मागणी करण्याची सोय तेथें होती. त्यानें परवलीच्या यादीचें नांव घालून कार्ड टाकलें, आणि यंत्रानें ती निमूटपणें छापून दिली! ही गोष्ट त्यानें स्वतःच सुमारें पंचवीस वर्षांनीं उघड केली. १९६६ सालीं तर चोराचीही गरज उरली नाहीं. दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळ्या मजकुरांत दुरुस्ती करीत असतां त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि यंत्राशीं बसणाऱ्या प्रत्येकापुढें दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी उमटूं लागली.

यावरील तोड इंग्लंडांत, केंब्रिज विद्यापीठांत निघाली. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ सालच्या ग्रंथांत तिचें श्रेय रॉजर नीडहॅम यांस दिलेलें आहे. युक्ति अशी कीं, मूळ शब्द यंत्रांत ठेवूंच नये. गणिताच्या जात्यांत तो दळून त्याचें पीठ तेवढें ठेवावें. दाण्यांचें पीठ होतें, पिठाचे दाणे होत नाहींत. माणूस पुन्हां दाराशीं आला म्हणजे त्यानें सांगितलेला शब्द पुन्हां दळावा आणि दोन्हीं पिठें ताडून पाहावीं. कारभाऱ्यास गुपित ठाऊक असण्याचें कारणच उरलें नाहीं.

अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीनें हीच वाट धरली. पण तेथें एक निराळीच अडचण उभी राहिली: जातें फार वेगानें फिरत होतें. दुसऱ्या महायुद्धांतील एका सैनिकी संकेतयंत्राच्या धर्तीवर रचलेल्या त्या पहिल्या रीतीनें एक शब्द तपासण्यास सव्वा सहस्रांश सेकंद पुरे होई. पीठ परत दळतां आलें नाहीं तरी शब्दकोशांतील एकेक शब्द दळून जुळतो कीं नाहीं हें चोरास स्वस्थपणें पाहतां येई. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील आंकडे आजही वाचण्यासारखे आहेत. गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकीं १५ शब्द अवघ्या एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे निघाले. शब्दकोशांत व नांवांच्या याद्यांत सांपडणारे आणखी निराळे. शेंकडा ८६ शब्द अशा रीतीनें हातीं लागण्याजोगे होते. आणि हे शब्द निवडणारे लोक अडाणी खास नव्हते.

यावर त्या दोघांनीं दोन उपाय योजले. एक, दळण मुद्दाम सावकाश करावयाचें. म्हणून ‘डेस’ या संकेतपद्धतीचे पंचवीस फेरे. दुसरा, प्रत्येक दळणांत चिमूटभर मीठ टाकावयाचें. मीठ हाच शब्द त्यांनीं वापरला! ४,०९६ प्रकारांपैकीं एक मीठ निवडून शब्दांत मिसळल्यामुळें दोघांचा शब्द एक असला तरी पीठ बहुधा निराळें पडे. पिठाची यादी मात्र उघडीच राहिली. त्याच यादींत वापरणारांचीं नांवें असत, आणि तीं अनेक साध्या कामांस लागत.

त्या उघड्या यादीचा फायदा कोणीं घ्यावा! २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एक स्वयंचलित कीड संगणकांच्या जाळ्यांत सुटली आणि तिनें अनेक हजार यंत्रें बेजार केलीं. तिच्या अनेक वाटांपैकीं एक म्हणजे ती यादी वाचून शब्द ओळखणें. आधीं माणसाचें नांव, मग तें उलटें, मग सोबत आणलेले ४३२ शब्द, आणि शेवटीं त्या यंत्रावरचाच शब्दकोश. दळण्याची अधिक वेगवान रीतही तिनें बरोबर आणली होती. कीड सोडणारा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९ च्या निबंधाच्या लेखकाचाच पुत्र! वडील त्या वेळीं सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रांत मुख्य शास्त्रज्ञ होते. पुत्रास १९९० सालीं तीन वर्षांची देखरेख, चारशें तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. बापानें ज्या चोराचें चित्र कागदावर रेखाटलें, तो घरांतच वाढत होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच सुमारास निरनिराळ्या युनिक्स प्रणालींत पीठ उघड्या यादींतून काढून फक्त व्यवस्थापकासच वाचतां येणाऱ्या वेगळ्या ‘छाया’ यादींत हलविण्यांत येऊं लागलें. चार-पांच वेळां चुकल्यास खातें बंद करण्याचीही सोय पुष्कळ ठिकाणीं झाली. हा बंदोबस्त दाराशीं उभ्या असलेल्या चोरास आडवितो. यादीच घरीं नेणाऱ्यास त्याची मातब्बरी नाहीं. शिवाय खोडसाळ माणूस मुद्दाम चुकून दुसऱ्याचें खातें बंद पाडूं शकतो, तें निराळेंच.

जुन्या सोयी मोडवत नाहींत, याचें उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ प्रणालींत दिसतें. जुन्या यंत्रांशीं जुळवून घेण्यासाठीं तिनें एक जुनी पद्धति जवळ बाळगली. ती चौदा अक्षरांच्या शब्दाचे सातसात अक्षरांचे दोन तुकडे करी, सर्व अक्षरें मोठ्या लिपींत वळवी, आणि मीठ मुळींच घालीत नसे. ‘सर्व्हर २००८’ पासून तें पीठ साठविणें आपोआप बंद झालें.

यंत्रांचा वेग वाढत जातो, हें ओळखून १९९९ सालीं नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझियेर यांनीं ‘बीक्रिप्ट’ पद्धति मांडली. तिच्यांत एक आंकडा एकानें वाढविला कीं दळणाचे श्रम दुप्पट होतात. पुढील पद्धतींनीं स्मरणजागाही भरपूर खर्च करावयास लावली.

केन टॉम्प्सन यांनीं स्वतः १९८० च्या सुमारास वापरलेल्या शब्दाचें पीठ एका जुन्या संग्रहांत राहून गेलें होतें. अभ्यासकांनीं वर्षानुवर्षें खटपट करूनही तें उकलेना. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्यें चित्रें रंगविण्यासाठीं असलेल्या एका यंत्रभागास चार दिवसांहून अधिक राबवून एका हौशी माणसानें शब्द शोधून काढला. ती बुद्धिबळांतील पहिली खेळी होती: वजिराचें प्यादें दोन घरें पुढें. बुद्धिबळ खेळणारें यंत्र बनविणाऱ्या टॉम्प्सन यांनीं तें कळतांच अभिनंदन केलें. शब्द बरोबर आठ अक्षरांचा होता. नववें अक्षर त्या जात्यांत पडतच नसे.