गाब्रिएल मार्सेल : नोंदीपलीकडचा माणूस

अस्तित्ववाद म्हटला की आपल्यापुढे सार्त्र उभे राहतात, आणि हे तत्त्वज्ञान म्हणजे ईश्वराचा नकार असे समजून आपण ते बाजूस सारतो. परंतु खुद्द सार्त्र यांनीच १९४५ साली पॅरिस येथील आपल्या गाजलेल्या व्याख्यानात अस्तित्ववाद्यांचे दोन वर्ग सांगितले आणि ख्रिस्ती वर्गात गाब्रिएल मार्सेल यांचे नाव घेतले. मार्सेल यांनी पुढे हे बिरूद नाकारले. सॉक्रेटिसाच्या मार्गाने जाणारा, एवढीच ओळख त्यांना पुरेशी वाटे.

मार्सेल यांचा जन्म ७ डिसेंबर १८८९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वयाची चार वर्षे पुरी होण्याआधीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील अज्ञेयवादी होते. पहिल्या महायुद्धात प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना रणांगणावर जाता आले नाही; रेड क्रॉसच्या, बेपत्ता सैनिकांची माहिती मिळविणाऱ्या विभागात त्यांनी काम केले. प्रत्येक सैनिकामागे एक कार्ड होते. पण चौकशीसाठी व्याकूळ नातलग समोर येऊन बसत, तेव्हा त्यांना उमगले की कार्डावरची नोंद पूर्ण झाली तरी माणूस त्या नोंदीत मावत नाही.

या अनुभवाने त्यांच्या चिंतनाला निश्चित वळण दिले. समस्या आणि गूढ यांत त्यांनी भेद केला. समस्या आपल्यासमोर असते. तिच्यापासून दूर उभे राहून ती सोडविता येते. गूढात मात्र आपण स्वतः गुंतलेले असतो. प्रेम, मृत्यू, निष्ठा यांना बाहेरून उत्तर देता येत नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असणे आणि बाळगणे’ या अर्थाच्या ग्रंथात हा विचार आढळतो. दुसऱ्यासाठी अंतःकरणाने उपलब्ध असणे, हा त्यांनी सांगितलेला सद्गुण याच भूमीत रुजला.

१९२९ साली कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांनी पत्रातून त्यांना सरळ विचारले की, तुम्ही आमच्यात का नाही? त्याच वर्षी २३ मार्च रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मार्सेल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार स्वीकारला.

मार्सेल नाटककारही होते. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईश्वराचा माणूस’ या अर्थाच्या नाटकाचा नायक एक प्रोटेस्टंट पाळक आहे. पत्नीच्या व्यभिचाराबद्दल त्याने वीस वर्षांपूर्वी तिला क्षमा केलेली असते. तिचा पूर्वीचा प्रियकर मरणासन्न अवस्थेत आपल्या मुलीला पाहण्यासाठी परत येतो आणि जुनी जखम उघडी पडते. ती क्षमा पतीच्या प्रेमाची होती, की पाळकाच्या पदाला शोभावी म्हणून दिलेली होती? पत्नीच्या या संशयापुढे तो स्वतःच स्वतःला अनोळखी होतो.

बंधूंनो, हे नाटक वाचताना आम्हीही अस्वस्थ झालो. पापनिवेदनाच्या वेळी आमच्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांतील कृपा प्रभूची आहे. आमच्या अंतःकरणाच्या मापाने ती कमीअधिक होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु त्या शिकवणीच्या आड आपण लपत तर नाही ना? समोरचा माणूस आपल्या दृष्टीने स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील एक ओळ, की आपल्या दारी आलेला भाऊ?

८ ऑक्टोबर १९७३ रोजी मार्सेल पॅरिस येथे निवर्तले. त्यांनी आपल्या हाती तयार उत्तर दिले नाही. उद्या कोणी दार ठोठावील, तेव्हा हातातली नोंदवही मिटून आधी त्याच्याकडे पाहावे, एवढे तरी आपण त्यांच्याकडून शिकावे.