टोपी, काठी आणि सोंगट्या

आमच्या घरात जुगार म्हणजे कोजागरीला बदाम-सात, आणि तोही पैसे न लावता. अशा घरात मी कॅसिनोच्या चिपा जमवतो म्हटल्यावर पाहुणे आधी आमच्या हिच्याकडं सहानुभूतीनं बघतात. ही त्यांना 'कॅरमच्या सोंगट्या' म्हणते. 'चिप्स' म्हणायची सोय नाही, लोक बशी शोधू लागतात.

जुगाराला नेवाडानं १९३१ साली कायद्याची मान्यता दिली, आणि लास व्हेगासचं नशीब फळफळलं. तिथला नियम असा की, चिपा कॅसिनोच्या मालकीच्या. दुकान बंद झालं की राहिलेल्या चिपा नष्ट करायच्या. मग दुर्मीळ चिप येते कुठून? तर कुणीतरी ती खिशात घालून विसरतो म्हणून! जिंकणारा चिपा मोडून पैसे घेतो, हरणाऱ्याकडं काही उरतच नाही. इतिहासाची सगळी भिस्त विसराळू माणसावर.

कुळी शोधायची तर चिपेची कड बघायची. कडेवर दाबून उठवलेली बारीक नक्षी असते. माझ्या एका चिपेवर टोपी आणि काठी आहे. ही पॉल-सन कंपनीची खूण, आणि कंपनी निघाली १९६३ साली. तस्मात् त्याआधीची बात सोडा. खरी गंमत बेकायदा अड्ड्यांच्या चिपांची. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसती दोन अद्याक्षरं! पण अड्डेवाला कितीही बिलंदर असला तरी पार्सल पोचायला पत्ता द्यावाच लागायचा. जुन्या कारखान्यांची ऑर्डरची कार्डं संग्राहकांच्या हाती लागली, आणि पोलिसांना न सापडलेले कित्येक अड्डे त्यांनी घरबसल्या पकडले.

आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता बरं का! तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ साली रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षं कायदा होता, कॅसिनो एकही नाही. महाराष्ट्राची चिप ही जगातली सर्वांत दुर्मीळ चिप, एकही नसल्यामुळं.

पण माझा जीव अडकलाय तो 'मुलँ रूज'च्या चिपेत. पन्नासच्या दशकात लास व्हेगासच्या बड्या हॉटेलांत काळा कलावंत रात्री रंगमंचावर टाळ्या घ्यायचा, आणि त्याच हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही. सॅमी डेव्हिस ज्युनिअरसारख्या माणसानं पश्चिमेकडच्या काळ्या वस्तीत भाड्याची खोली शोधायची! त्या वस्तीला लागून २४ मे १९५५ रोजी मुलँ रूज उघडलं. काळे-गोरे एका टेबलावर बसणारं शहरातलं पहिलं हॉटेल-कॅसिनो. दारात स्वागताला मुष्टियोद्धा जो लुई, म्हणजे भांडण काढायची सोयच नाही. पहाटे अडीचला तिसरा खेळ लागायचा. बड्या हॉटेलांतले नट-गवई आपापले कार्यक्रम आटोपून तिथं यायचे. आणि इतकं असून सहा महिन्यांच्या आत ते बंद पडलं. का, यावर जाणकारांची अजून जुंपते.

पुढं १९६० च्या मार्चमध्ये जेम्स मॅकमिलन नावाच्या काळ्या दंतवैद्यानं बड्या हॉटेलांवर मोर्चा नेण्याची धमकी दिली. दंतवैद्याच्या धमकीला कोण भीत नाही? काळ्यांना दारं उघडायचं कबूल झालं, आणि ती बैठक भरली याच बंद पडलेल्या मुलँ रूजमध्ये. पुढं इमारतीला २००३ साली आग लागली. आता तिथं इमारत नाही. तिच्यावरची निऑनची अक्षरं संग्रहालयात गेली. चिपा मात्र आहेत, कारण १९५५ च्या त्या उन्हाळ्यात काही लोक विसरले. तिथं बसायला मिळालं म्हणून कुणी मुद्दामही नेली असेल. मी तरी नेली असती.

ती चिप मला परवडत नाही. संग्रहात तिचा फोटो तेवढा लावलाय, टोपी-काठीच्या शेजारी. हिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही एक सोंगटी बरी आहे. पुसावी लागत नाही."