चकमक (पोलिसांचा प्राणघातक बळवापर)

झाशी जिल्ह्यातील परीछा धरणाजवळ 13 एप्रिल 2023 रोजी उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाच्या (एसटीएफ) गोळीबारात उमेश पाल हत्येतील आरोपी असद अहमद व गुलाम ठार झाले. आधी त्यांनीच गोळ्या झाडल्या, असे पोलिसांचे म्हणणे. शस्त्र घेऊन चालून येणाऱ्यावर गोळी झाडण्याचा आधार स्वसंरक्षणाचा हक्क हा आहे आणि तो पोलिसाला नागरिकाइतकाच आहे. म्हणून धोका खरा होता का, हे गोळी झाडणाऱ्या पथकाने ठरवू नये. मुंबईतील चकमकींवरून उभ्या राहिलेल्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र तपास व दंडाधिकारी चौकशी बंधनकारक केली. अशाने पोलिसांचे मनोबल खचते, हा आक्षेप टिकत नाही; प्रामाणिक पोलिसाची बाजू याच चौकशीतून सिद्ध होते. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक वा क्रमाबाहेरची बढती देऊ नये, असेही त्या निकालात बजावले आहे.