यादवी, सत्तापालट, वंशसंहार : बातम्यांतील इंग्रजी संज्ञांचा परिचय

परदेशांतील अंतर्गत युद्धे, लष्करी राजवटी आणि शासनाने स्वतःच्याच नागरिकांवर केलेले अत्याचार यांविषयीच्या बातम्या वृत्तसंस्थांकडून बहुतांशी इंग्रजीत येतात. त्यांतील संज्ञा वरकरणी परिचित वाटतात. मात्र त्यांपैकी अनेकींमागे आंतरराष्ट्रीय कायद्यातील काटेकोर व्याख्या असते, काहींमागे एखाद्या देशाचा कटू इतिहास असतो, तर काही संज्ञा घडलेला गुन्हा झाकण्यासाठीच प्रचारात आलेल्या असतात. मराठी प्रतिशब्द निवडताना म्हणूनच एक प्रश्न वारंवार विचारावा लागतो : या वाक्यातील क्रियेचा कर्ता कोण? अशा काही प्रमुख संज्ञांचा हा परिचय.

यादवी आणि गृहयुद्ध

'सिव्हिल वॉर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील नागरिक या अर्थाचा शब्द आहे. नागरिकांनी नागरिकांविरुद्ध केलेले युद्ध, असा त्याचा अर्थ. मराठीत त्यासाठी 'गृहयुद्ध' हा शब्द रूढ असला, तरी 'यादवी' हा शब्द अधिक जुना आणि अधिक अर्थवाही आहे. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादवकुळ आपसांत लढून नष्ट झाले, त्या कथेतून तो आला आहे. एकाच कुळाचा आत्मनाश हा भाव त्यात आपोआप येतो. अडचण एवढीच, की राजकीय पक्षांतील कुरबुरींनाही आपण 'यादवी' म्हणू लागलो आहोत. त्यामुळे हजारो माणसे मरत असलेल्या युद्धासाठी तो शब्द काहीसा हलका झाला आहे. बातमीत 'यादवी युद्ध' असे पूर्ण लिहिणे त्यामुळे बरे.

आपल्या देशात यादवी सुरू आहे, हे कोणतेही सरकार सहसा मान्य करीत नाही. तसे मान्य करणे म्हणजे समोरचा गट हा युद्धातील एक पक्ष असल्याचे मान्य करणे होय. म्हणून सरकारी निवेदनांत 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न' किंवा 'दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई' असे शब्द येतात. १९४९ च्या जिनिव्हा करारांतही 'सिव्हिल वॉर' हा शब्दप्रयोग टाळला आहे. चारही करारांत समान असलेल्या तिसऱ्या अनुच्छेदात 'आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला सशस्त्र संघर्ष' अशी लांबलचक संज्ञा आहे. ती रुक्ष असली, तरी तिचे परिणाम मोठे आहेत. सीरियातील संघर्षाला ही संज्ञा देशभर लागू होते, असे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने जुलै २०१२ मध्ये जाहीर केले. तोवर असद सरकार सशस्त्र दहशतवादी टोळ्यांविरुद्ध लढत असल्याचे सांगत होते. या घोषणेनंतर, लढाई जेथे जेथे सुरू असेल तेथे युद्धाचे नियम लागू होतात, आणि नागरिकांवर हल्ल्याचा आदेश देणाऱ्यावर युद्धगुन्ह्याचा खटला भरता येऊ शकतो, ही बाब स्पष्ट झाली.

स्पेनच्या यादवी युद्धाने (१९३६ ते १९३९) मराठीला एक शब्द दिला, तो 'पंचमस्तंभी'. माद्रिदवर चार तुकड्या चाल करून येत असून पाचवी तुकडी शहराच्या आतच आहे, या आशयाचे विधान फ्रँकोच्या बाजूचे जनरल मोला यांच्या नावावर सांगितले जाते. त्यातील 'कॉलम' म्हणजे सैन्याची रांग. त्याचा इमारतीच्या खांबाशी काही संबंध नाही. मराठीत मात्र स्तंभ आला आणि कायमचा उभा राहिला. आता तो हलवण्यात अर्थ नाही. याउलट 'गेरिला' हा स्पॅनिश शब्द आणि आपला 'गनिमी कावा' यांचे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. गेरिला म्हणजे लहान युद्ध, तर गनीम म्हणजे शत्रू.

सत्तापालट, राजवट, हुकूमशाही

'कू' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ आघात. मराठीत त्यासाठी 'सत्तापालट' लिहिण्याची पद्धत आहे. परंतु निवडणुकीत मतदारांनी सरकार बदलले, तरीही आपण त्याला सत्तापालटच म्हणतो. रणगाडे रस्त्यावर आणून मिळवलेली सत्ता आणि मतपेटीतून मिळालेली सत्ता यांना एकच शब्द पुरेसा नाही. त्यामुळे पहिल्या प्रकारासाठी 'लष्करी सत्तापालट' किंवा अधिक स्पष्टपणे 'लष्कराने सत्ता बळकावली' असे लिहावे. 'उठाव' हा शब्द मात्र जपून वापरावा. १८५७ च्या उठावापासून मराठी मनात त्या शब्दाला सन्मानाची छटा आहे.

या एका शब्दावर कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात. रीतसर निवडून आलेल्या सरकारप्रमुखाला लष्कराने पदच्युत केल्यास त्या देशाची मदत रोखावी, अशी तरतूद अमेरिकी कायद्यात आहे. ३ जुलै २०१३ रोजी इजिप्तच्या लष्कराने अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना पदावरून दूर केले. त्या वेळी अमेरिकेकडून इजिप्तला दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलरची लष्करी मदत मिळत होती. घडलेली घटना 'कू' होती की नव्हती, हे ठरवणे आपल्यावर बंधनकारक नाही, अशी भूमिका अमेरिकी सरकारने घेतली. शब्द उच्चारलाच नाही, म्हणून कायदा लागू झाला नाही.

'जुंटा' म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसती समिती किंवा मंडळ. लॅटिन अमेरिकेतील सेनाधिकाऱ्यांच्या मंडळांमुळे इंग्रजीत त्याला आजचा अर्थ चिकटला. 'लष्करी मंडळ' हा त्याचा नेमका प्रतिशब्द. 'रेजिम' या शब्दाचे भाषांतर आपण सर्रास 'राजवट' असे करतो. इंग्रजी बातमीत 'गव्हर्नमेंट' ऐवजी 'रेजिम' लिहिले, की नापसंती व्यक्त होते. मराठीत मात्र पेशव्यांची राजवट असते, ब्रिटिश राजवट असते आणि घटनेच्या ३५६ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती राजवटही असते. मूळ शब्दातील डंख मराठीत उतरत नाही. तो उतरवण्यासाठी 'जुलमी' सारखे विशेषण जोडण्याचा मोह होतो. पण मुळात नसलेले विशेषण भाषांतरकाराने पदरचे घालू नये.

'डिक्टेटर' हे प्राचीन रोमन प्रजासत्ताकात एक वैध पद होते. संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी एका व्यक्तीकडे सर्वाधिकार सोपवले जात. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि पदाची मुदत संपली ती कायमची. 'हुकूमशहा' हा मराठी शब्द स्वयंस्पष्ट आहे. 'टोटॅलिटेरियन' हा शब्द १९२३ मध्ये इटलीतील मुसोलिनीच्या विरोधकांनी टीका म्हणून वापरला. पुढे मुसोलिनीने तो अभिमानाने स्वतःच स्वीकारला. त्यासाठी 'सर्वंकष सत्ता' ही संज्ञा योग्य आहे. साधी एकाधिकारशाही प्रजेने गप्प राहावे एवढीच अपेक्षा करते. सर्वंकष सत्तेला प्रजेचा जयघोषही हवा असतो.

'मार्शल लॉ' या शब्दाची ओळख मात्र महाराष्ट्राला भाषांतरातून झालेली नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. तेव्हापासून हा शब्द मराठीत जसाच्या तसा रुळला आहे. १९७५ ते १९७७ ची आणीबाणी हा निराळा प्रकार होता. तीत घटनेतील तरतुदीनुसार मूलभूत हक्क स्थगित झाले, परंतु कारभार मुलकी सरकारकडेच राहिला. दोन्ही संज्ञांची सरमिसळ करू नये.

बेपत्ता झालेले की बेपत्ता केलेले?

या विषयातील सर्वांत अवघड शब्द दिसायला सर्वांत साधा आहे. 'डिसअपिअर' हे इंग्रजीत अकर्मक क्रियापद. माणूस दिसेनासा होतो, एवढाच त्याचा अर्थ. १९७६ ते १९८३ या काळात अर्जेंटिनातील लष्करी मंडळाच्या हस्तकांनी हजारो लोकांना घरांतून, कारखान्यांतून, विद्यापीठांतून उचलून नेले आणि गुप्त छळछावण्यांत ठेवले. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात वा नदीत फेकण्यात आले. छावण्यांच्या भाषेत याला 'स्थलांतर' असे नाव होते. सरकारदरबारी मात्र या व्यक्तींची कोणतीच नोंद नव्हती. लष्करशहा व्हिडेला यांनी १९७९ मध्ये पत्रकारांना दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की बेपत्ता व्यक्ती जिवंतही नसते आणि मृतही नसते. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये सुमारे ९ हजार व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३० हजार मानतात.

३० एप्रिल १९७७ पासून या व्यक्तींच्या माता ब्युनोस आयर्समधील प्लासा दे मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर जमू लागल्या. लष्कराने झाकण्यासाठी वापरलेला तोच शब्द त्यांनी आरोप म्हणून परत फेकला. स्पॅनिशमधून तो इंग्रजीत आला आणि इंग्रजीचे व्याकरण वाकले. आता इंग्रजीत माणूस केवळ 'दिसेनासा होतो' असे नाही, तर त्याला 'दिसेनासे केले जाते'. क्रियापद सकर्मक झाले, कारण कर्ता होताच.

मराठीत 'बेपत्ता' हा शब्द जत्रेत चुकलेल्या मुलालाही लागतो आणि पुरात वाहून गेलेल्या माणसालाही. अशा बातमीत तो तसाच वापरला, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या लष्करी मंडळाचेच म्हणणे मराठीत उतरते. 'बेपत्ता करण्यात आलेल्या व्यक्ती' किंवा 'सक्तीने बेपत्ता करणे' हे शब्दप्रयोग कानाला खटकतात हे खरे, पण ते खटकलेच पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या आणि २०१० मध्ये अमलात आलेल्या करारात 'सक्तीने' हे विशेषण संज्ञेचाच भाग आहे. शासनाच्या हस्तकांनी किंवा शासनाच्या संमतीने झालेले अपहरण आणि त्यानंतर त्या व्यक्तीच्या ठावठिकाण्याबाबत दिलेला नकार, हे दोन्ही घटक या गुन्ह्याच्या व्याख्येत येतात. भारताने या करारावर २००७ मध्ये स्वाक्षरी केली. मात्र त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

शब्दाने न्यायाची वाट कशी उघडते, याचे उदाहरण चिलीत मिळते. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने १९७८ मध्ये कायदा करून सत्ता घेतल्यापासूनच्या गुन्ह्यांना सार्वत्रिक माफी दिली होती. मृतदेह सापडलेला नसेल, तर खून झाला असे म्हणता येत नाही. अपहरण मात्र अजून सुरूच आहे, आणि सुरू असलेल्या गुन्ह्याला १९७८ ची माफी लागू होत नाही, हा युक्तिवाद चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. जाता जाता नमूद करावेसे वाटते, की माफीसाठीचा 'ॲम्नेस्टी' हा शब्द विस्मृती या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे.

श्रीलंकेतील युद्ध २००९ मध्ये संपल्यानंतर हाच प्रश्न कागदपत्रांत उभा राहिला. पती जिवंत आहे असे सिद्ध करता येत नाही आणि मृत्यूचा दाखला घेणे मनाला पटत नाही, अशा कुटुंबांसाठी २०१६ मध्ये 'अनुपस्थितीचे प्रमाणपत्र' देण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली.

वंशसंहार आणि 'शुद्धीकरण'

'जेनोसाइड' हा शब्द पोलंडमधील ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रथम वापरला. संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू, हा या गुन्ह्याचा गाभा. त्या हेतूने गटातील जन्म रोखणे किंवा गटातील मुले सक्तीने दुसऱ्या गटाकडे सोपवणे, हेदेखील जेनोसाइडच ठरते. म्हणून 'नरसंहार' हा प्रचलित प्रतिशब्द अपुरा आहे. तो केवळ मोठ्या कत्तलीचा बोध करून देतो. 'वंशसंहार' हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

या व्याख्येत राजकीय गट नाहीत. त्यामुळे कंबोडियात १९७५ ते १९७९ दरम्यान ख्मेर रूजच्या राजवटीत १५ लाखांहून अधिक लोक मरण पावले, तरी २०१८ मधील निकालात वंशसंहाराची शिक्षा झाली ती व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम या अल्पसंख्य गटांच्या संदर्भात. बहुसंख्य ख्मेर बळींच्या बाबतीत 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही संज्ञा लागू झाली. बोस्नियाबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये स्रेब्रेनित्सा येथील १९९५ ची कत्तल वंशसंहार ठरवली. इतर ठिकाणच्या हत्यांमागे तसा विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत बातमीत 'वंशसंहाराचा आरोप' असेच लिहिणे योग्य. मात्र सावधगिरीचीही किंमत असते. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख लोक मारले जात असताना अमेरिकी प्रवक्ते 'वंशसंहाराची कृत्ये' आणि 'वंशसंहार' यांतील भेद पत्रकारांना समजावून सांगत होते.

'एथ्निक क्लीन्सिंग' ही संज्ञा युगोस्लाव्हियातील युद्धांमुळे जगभर पसरली. तिचे 'वांशिक शुद्धीकरण' हे भाषांतर सपशेल टाळावे. शुद्धी हा आपल्याकडे पवित्र शब्द आहे, आणि ज्यांनी ही मोहीम चालवली त्यांना नेमका तोच भाव हवा होता. 'वांशिक हकालपट्टी' हा शब्द वस्तुस्थितीला धरून आहे.

गोळीबार झाला, गोळीबार केला

सर्वांत जास्त लपवाछपवी मात्र अवघड संज्ञांत होत नाही. ती साध्या क्रियापदांत होते. इंग्रजीतील कर्मणी प्रयोग मराठीत येताना 'गोळीबार झाला', 'पाच जण ठार झाले' अशी रूपे घेतो. पाऊस झाला, तसा गोळीबार झाला. जालियनवाला बागेतील १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे अधिकृत नाव 'डिसऑर्डर्स इन्क्वायरी कमिटी', म्हणजे अव्यवस्थेची चौकशी करणारी समिती, असे होते. उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांच्या आणि सुमारे साडेतीन हजार बळी घेणाऱ्या संघर्षाला इंग्रजीत 'ट्रबल्स' म्हणतात. त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास हास्यास्पद ठरेल. त्याच संघर्षात ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी येथे ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून १३ जणांना ठार केले. त्यांच्यापासून कोणताही धोका नव्हता, हे अधिकृत चौकशीतून पुढे येण्यास २०१० साल उजाडले. कर्ता ठाऊक असेल तेव्हा 'पोलिसांनी केलेल्या गोळीबारात' असे लिहिण्याने दोन शब्द वाढतात, एवढेच.

'एन्काउंटर' या शब्दाला आजचा अर्थ भारतीय इंग्रजीने दिला. त्यासाठी आपण 'चकमक' लिहितो. चकमक म्हणजे ठिणगी पाडण्याची गार. आघात दोन्ही बाजूंनी झाला, असे त्यात गृहीत आहे. मुंबईतील चकमकींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या निकालात अशा प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी अनिवार्य केली. ती पूर्ण होईपर्यंत 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार चकमकीत' असा उल्लेख करावा. 'एक्स्ट्राज्युडिशियल किलिंग' साठी 'न्यायबाह्य हत्या' हा शब्द आता रुळू लागला आहे. 'कोलॅटरल डॅमेज' चे 'आनुषंगिक हानी' असे भाषांतर शब्दकोशाच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी वाचकाला पडलेली भिंत दिसते, माणसे दिसत नाहीत. तेथे 'हल्ल्यात सापडलेले नागरिक' असे लिहावे.

युद्ध थांबल्याच्या बातमीतही शब्द तपासावे लागतात. 'सीझफायर' म्हणजे युद्धविराम. तो काही तासांचाही असू शकतो. 'आर्मिस्टिस' म्हणजे उभय पक्षांच्या सैन्यांनी औपचारिक करार करून थांबवलेली लढाई, अर्थात शस्त्रसंधी. 'पीस ट्रीटी' म्हणजे शांतता करार, जुन्या मराठीत तह. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाला. तह आजतागायत झालेला नाही. त्यामुळे तेथील १९५३ च्या घटनेबद्दल 'युद्ध संपले' असे न लिहिता 'लढाई थांबली' असेच लिहावे लागते.