रघुनाथरावांना इंग्रजांची लष्करी मदत

पेशवेपदासाठी पुणे दरबाराशी लढणाऱ्या रघुनाथराव (राघोबादादा) यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने इ.स. १७७५ पासून सैन्य व तोफांची मदत केली. युद्धात गुंतलेल्या या मित्राची मदत चालू ठेवावी की थांबवावी, यावर कंपनीच्या मुंबई व कलकत्ता येथील सत्ताधाऱ्यांत मतभेद झाले. या मदतीची परिणती मावळ प्रांतात वडगाव येथे इंग्रजांच्या पराभवात झाली.

== सुरतेचा तह ==
नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) बारभाईंनी रघुनाथरावांना सत्तेवरून दूर केले. मार्च १७७५ मध्ये सुरत येथे झालेल्या तहानुसार मुंबईकरांनी त्यांना सुमारे अडीच हजार सैन्य देऊ केले. मोबदल्यात साष्टी व वसई आणि सैन्यखर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावयाचे होते. रोख रकमेअभावी रघुनाथरावांनी सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले.

== मदतीविषयीचा वाद ==
१७७३ च्या नियामक कायद्यानुसार युद्ध व तहाच्या बाबतीत मुंबई सरकार कलकत्त्याच्या अधीन होते. आपल्या संमतीवाचून झालेला हा तह कलकत्त्याच्या मंडळाने अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यानुसार रघुनाथरावांची मदत थांबवून त्यांना निवृत्तिवेतन द्यावयाचे ठरले. मात्र साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मुंबईकरांनी रघुनाथरावांचा आश्रय काढून घेतला नाही. लंडनच्या संचालकांचा सुरतेच्या तहास असलेला पाठिंबा आणि फ्रेंच वकील सेंट लुबिन याचे पुण्यातील आगमन यांमुळे त्यांच्या भूमिकेस बळ मिळाले.

== मावळातील मोहीम ==
नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० सैनिकांची फौज रघुनाथरावांसह मुंबईहून निघाली. मराठा सरदार त्यांना येऊन मिळतील, ही अपेक्षा फोल ठरली. बोरघाट चढून आलेल्या या फौजेस मराठ्यांनी लहान चकमकींनी हैराण केले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्यामुळे मराठे त्यास 'इष्टुर फाकडा' म्हणत. तळेगाव येथे रसद तुटण्याची भीती निर्माण झाल्याने ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून फौज माघारी वळली. वडगाव येथे ती वेढली गेली आणि शरण आली.

== परिणाम ==
वडगावच्या तहाने रघुनाथरावांची मदत सोडण्याचे व १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी मान्य केले. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. मुंबई सरकार व गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांनी मात्र हा तह नाकारला आणि युद्ध चालूच राहिले. अखेर १७ मे १७८२ रोजी सालबाईच्या तहाने इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. साष्टी मात्र त्यांच्याकडेच राहिली. ज्यांच्यासाठी युद्ध सुरू झाले त्या रघुनाथरावांना पेशवेपद मिळाले नाही. डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले.