अंश, छेद आणि आयर्लंड

आयर्लंडबद्दल आपल्या आयटीवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते: बऱ्याच बड्या कंपन्यांची युरोपातली ऑफिसं डब्लिनला आहेत. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची आवड असणारे सांगतात: "आयर्लंडने सरकारी खर्च कापला आणि देश वर आला." या दुसऱ्या वाक्यात कितपत तथ्य आहे ते बघायला म्हणून तिथल्या सरकारी उपभोग खर्चाचे आकडे घेऊन बसलो, तर अख्खा वीकेंड त्यातच गेला.

आधी व्याख्या. (कंटाळवाणी आहे, पण पुढे लागणार.) सरकारी उपभोग खर्च म्हणजे शिक्षक, नर्स, पोलीस यांचे पगार, हॉस्पिटलांतली औषधं, सरकारी ऑफिसांचं वीजबिल वगैरे. पेन्शन, बेकारभत्ता, कर्जावरचं व्याज, नवे रस्ते यात धरत नाहीत. हा खर्च जीडीपीच्या किती टक्के, हा आकडा सगळीकडे फिरतो. म्हणजे वर अंश, खाली छेद. शाळेतलं गणित.

आयर्लंडमध्ये १९६७ साली माध्यमिक शिक्षण मोफत झालं. शाळा वाढल्या, शिक्षक वाढले, अंश वाढला. १९७७ च्या निवडणुकीत फियाना फॉल पक्षाने घरपट्टी आणि मोटारींवरचा कर रद्द करायचं आश्वासन दिलं आणि दणदणीत बहुमत मिळवलं. उत्पन्न कमी, खर्च चालूच, मधली फट कर्जाने भरलेली. जानेवारी १९८० मध्ये पंतप्रधान चार्ल्स हॉही टीव्हीवर आले आणि आपण ऐपतीबाहेर जगतोय असं देशाला सुनावलं. (या साहेबांनी एका उद्योगपतीकडून दहा लाख पौंडांच्या वर पैसे घेतले होते, हे १९९७ च्या चौकशीत बाहेर आलं. असो.) तेव्हा सरकारी उपभोग जीडीपीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा होता.

सुनावलं खरं, पण कापाकापी व्हायला १९८७ उजाडलं. तोवर कर्ज जीडीपीच्याही वर गेलेलं, बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास, तरुण पोरं लंडन-बॉस्टनच्या वाटेला. हॉही परत पंतप्रधान झाले आणि अर्थमंत्री रे मॅकशॅरींनी कात्री काढली. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'मॅक द नाइफ'. नोकरभरती बंद, स्वेच्छानिवृत्ती, हॉस्पिटलांतल्या खाटा कमी. विरोधी पक्षनेते अ‍ॅलन ड्यूक्स यांनी डब्लिनजवळच्या टॅला इथे भाषण करून जाहीर केलं, की दिशा बरोबर असेल तर आम्ही सरकारला अडवणार नाही. आपल्याकडे असं होईल का, हा विचार तुम्हीच करा! १९८९ च्या निवडणुकीत आरोग्यसेवेच्या कपातीवरून लोक भडकले आणि हॉहींच्या जागा घटल्या. ड्यूक्सचं पक्षनेतेपदही १९९० मध्ये गेलं. टक्का मात्र सहाव्या हिश्श्यापर्यंत उतरला.

१९९० साली जियावाझ्झी आणि पागानो या अर्थतज्ज्ञांनी डेन्मार्क आणि आयर्लंड या दोन छोट्या देशांवर शोधनिबंध लिहिला. खर्च कापूनही वाढ होऊ शकते, हा त्याचा सूर. "कापा आणि वाढा" या गोष्टीला तिथून वजन आलं. पण आयरिश पौंडाचं १९८६ मध्ये अवमूल्यन झालं होतं, शेजारी ब्रिटनमध्ये तेजी होती, व्याजदर उतरत होते, आणि पुढे युरोपकडून भरघोस निधी आला, हे सांगताना गळून जातं.

पुढची घसरण वेगळी. १९९५ ते २००० या काळात अर्थव्यवस्था वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास वाढली. इंटेलसारख्या कंपन्या आल्या होत्या. सरकारचा खर्च युरोत मोजला तर वाढतच होता, तरी टक्का सातव्या हिश्श्याजवळ आला. इथे कोणी काही कापलं नव्हतं, छेदच मोठा झाला.

२००८ मध्ये बँका कोसळल्या. छेद आक्रसला आणि टक्का २००९ मध्ये परत पाचव्या हिश्श्यावर. मग भरती बंद, पगारकपात, २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंचं पॅकेज. बँकांत ओतलेले अब्जावधी युरो मात्र या आकड्यात कुठेच दिसत नाहीत, कारण ते 'उपभोग' नव्हे. नर्सचा पगार तेवढा दिसतो. २०१४ पर्यंत टक्का परत सहाव्या हिश्श्याजवळ.

आणि २०१५! सरकारने फारसं काही बदललं नाही, तरी टक्का एका वर्षात आठव्या हिश्श्यावर. झालं काय, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली (यात अ‍ॅपलचा वाटा मोठा, असं अर्थतज्ज्ञ मानतात) आणि जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. पॉल क्रुगमन यांनी याला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश गोष्टींतला सोन्याचा हंडा लपवणारा बुटका. शेवटी २०१७ पासून तिथल्या सांख्यिकी खात्याने सुधारित राष्ट्रीय उत्पन्न असा वेगळा छेद काढायला सुरुवात केली. त्याने भागलं तर २०१५ चा टक्का परत पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो!

त्याच २०१५ च्या जानेवारीत आयर्लंडच्या हॉस्पिटलांत खाटेची वाट बघत ट्रॉलीवर पडलेल्या रुग्णांचा आकडा एका दिवशी ६०० च्या वर गेला होता. हा आकडा नर्सेसची युनियन रोज मोजते. आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ट्रॉलीवरच्या माणसाला जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचा काय उपयोग?

म्हणजे टक्का घसरायच्या तीन तऱ्हा: खाटा कमी करून, देश खरंच वाढून, आणि नुसत्या कागदावर. आलेखात तिन्ही रेघा सारख्याच दिसतात. तेव्हा पुढच्या वेळी कोणी आयर्लंडचा दाखला दिला, की एवढंच विचारा: अंश कापला, का छेद फुगला?