स्वप्नात मिळालेली इजाजत

उर्दूत ख्वाबाच्या फळाला ‘ताबीर’ म्हणतात. ख्वाब खरे होणाऱ्या माणसांच्या कहाण्या आपण दास्तानांत वाचतो. आम्ही राहतो त्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखानी पट्ट्यात मात्र इंद्रायणीकाठच्या देहूत अशी माणसे इतिहासात होऊन गेली.

तुकाराम जातीने कुणबी. गुरूपदेश बाबाजींनी स्वप्नात दिला, कविता करण्याची आज्ञा नामदेवांनी स्वप्नात येऊन केली, असे ते स्वतःच अभंगांत सांगतात. बहिणाबाई (१६२८-१७००) ब्राह्मण घरातल्या. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा. कोल्हापुरात असताना त्यांनी कीर्तनात तुकारामांचे अभंग ऐकले. तुकारामांना कधी पाहिले नव्हते, तरी त्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. शूद्राला गुरू मानले म्हणून नवऱ्याने मारले. पुढे हेच कुटुंब देहूला आले आणि स्वप्नातले गुरू बहिणाबाईंनी प्रत्यक्ष पाहिले.

दोघांच्याही आयुष्यात स्वप्नच का आले? जागेपणी शूद्राला आणि बाईला इजाजत कोण देणार होते? स्वप्नात ती कुणाला विचारावी लागली नाही. किंमत मात्र जागेपणीच मोजावी लागली. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, बहिणाबाईंनी मार सोसला. तरी दोघांनी रचना थांबवली नाही. बहिणाबाईंचे आत्मचरित्र पुढे छापले गेले, १९२९ साली इंग्रजीतही आले.

आमच्या वर्गातल्या मुलीही दहावीनंतर शिकण्यासाठी घरच्यांच्या इजाजतीची वाट पाहतात. त्यांना बहिणाबाईंची ही हकीकत माहीत असायला हवी.